सदैव सज्ज : वसईचे संत गोन्सालो गार्सिया



ख्रिस्ती जीवनात सज्जता आणि आज्ञापालन हे दोन शब्द आपण वारंवार ऐकतो. वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिकांचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. कमरा कसून, दिवे तेवत ठेवून धन्याच्या परतीची वाट पाहणारे चाकरही आपल्याला ठाऊक आहेत. प्रभूची हाक ऐकून रात्री अंथरुणावरून उठलेला बाल शमुवेल, आपला देश आणि आप्तजन सोडून निघालेला अब्राहाम, देवदूताच्या निरोपाला होकार देणारी पवित्र मरिया ह्यांच्या कथा आपण मुलांना सांगत आलो आहोत. तरीही रोजच्या जगण्यात प्रश्न उरतोच. देवाची हाक नेमकी कोणत्या वाटेने येते? ज्या दारावर आपण श्रद्धेने थाप मारली ते दार उघडलेच नाही, तर आज्ञापालन कशाला म्हणायचे? आणि ज्या घडीसाठी सज्ज राहायचे ती घडी चाळीस वर्षे आलीच नाही, तर दिव्यातले तेल कसे टिकवायचे?

ह्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वसई येथे जन्मलेल्या एका पुरुषाचे जीवन ह्या दृष्टीने मननीय आहे. भारतात जन्मलेल्यांपैकी संतपदाचा मान सर्वप्रथम ज्यांना लाभला, ते संत गोन्सालो गार्सिया हेच ते पुरुष होत.

वसईतील बालपण

गोन्सालो ह्यांचा जन्म इ. स. १५५६ च्या सुमारास वसईत झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज होते आणि आई ह्याच कोकणपट्टीतील होती. गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली होती. गोन्सालो जन्मले तेव्हा त्या घटनेला अवघी वीस-बावीस वर्षे झाली होती. वसई हे गजबजलेले बंदर होते. गलबते येत-जात, लाकूड, दगड, तांदूळ ह्यांचा व्यापार चाले आणि निरनिराळ्या देशांचे लोक एकाच बाजारपेठेत वावरत. फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू तेथे आधीच कार्य करीत होते. त्यांच्या पाठोपाठ येशूसंघाचे धर्मगुरूही आले. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनीही वसईला भेट दिली होती.

पुढे गोन्सालो ह्यांच्या जीवनाला जे वळण लागले त्याची पूर्वपीठिका फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याच कार्यात आहे. आन्जिरो नावाच्या एका जपानी गृहस्थाचा १५४८ साली गोव्यात स्नानसंस्कार झाला आणि त्याला सोबत घेऊन झेवियर १५४९ च्या १५ ऑगस्ट रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, जपानमधील कागोशिमा येथे उतरले. तेव्हापासून गोवा आणि जपान ह्यांच्या दरम्यान धर्मप्रसारकांची ये-जा सुरू झाली. वसईच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या कानांवर जपानच्या वार्ता पडत असणार, ह्यात नवल नाही.

गोन्सालो ह्यांचे शिक्षण वसईत येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या छायेखाली झाले. वाचन-लेखन, धर्मशिक्षण, प्रार्थना आणि उपासनेतील सेवा अशा वातावरणात ते वाढले. घरात आईची बोली आणि वडिलांची पोर्तुगीज भाषा अशा दोन भाषा त्यांना सहजच लाभल्या. दोन भाषांत वाढणारे मूल लहानपणापासूनच एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून सांगण्यास शिकते. हे त्या मुलाला कोणी मुद्दाम शिकवले नव्हते. पण पुढील आयुष्यात देवाने त्यांच्याकडून जे काम करून घेतले, त्याचे बीज ह्या घरगुती देणगीतच होते.

जपानची पहिली वाट

१५७२ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, गोन्सालो येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला निघाले. त्या काळी वसईहून जपानला पोचणे म्हणजे महिनोन् महिन्यांचा प्रवास होता. गोवा, मलाक्का, मकाव असे टप्पे घेत, मोसमी वाऱ्यांची वाट पाहत जहाजे जात. रोगराई, वादळे आणि चाचे ह्यांचे भय नित्याचे होते. निघालेला मुलगा घरी परत येईलच, अशी खात्री कोणालाही देता येत नसे.

जपानमध्ये गोन्सालो ह्यांनी तेथील भाषा लवकर आत्मसात केली. ते धर्मगुरूंचे सहायक आणि धर्मशिक्षक म्हणून सेवा करू लागले. युरोपातून आलेल्या धर्मगुरूंना जपानी भाषा फार अवघड जाई. ही भाषा अस्खलित बोलणारा, लोकांत मिसळणारा, नम्र स्वभावाचा तरुण सहायक म्हणजे मोठाच आधार होता. सुमारे आठ वर्षे त्यांनी अशी सेवा केली. ह्या काळात त्यांच्या मनात एक इच्छा दृढ होत गेली. येशूसंघात प्रवेश घ्यावा, व्रतबद्ध व्हावे आणि संपूर्ण आयुष्य प्रभूला अर्पण करावे, अशी ती इच्छा होती.

ही इच्छा पूर्ण झाली नाही.

न उघडलेले दार

त्या काळी भारतात जन्मलेल्या आणि मिश्र वंशाच्या तरुणांना संन्यस्त संघांमध्ये सहजासहजी प्रवेश मिळत नसे. हा त्या युगाचा एक कटू भाग आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. गोन्सालो ह्यांची विनंती मान्य झाली नाही. आठ वर्षे ज्यांच्यासोबत प्रार्थना केली, ज्यांच्यासाठी गावोगाव हिंडले, त्यांच्या संघात त्यांना स्थान मिळाले नाही.

अशा प्रसंगी माणूस दोन गोष्टी करू शकतो. मनात अढी धरून ख्रिस्तसभेपासून दूर जाणे ही एक, आणि आपल्याला देवाची हाक आलीच नव्हती असे समजून ती गोष्ट कायमची पुसून टाकणे ही दुसरी. गोन्सालो ह्यांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी सेवा सोडून व्यापार पत्करला, पण श्रद्धा सोडली नाही. जपानी भाषा, बंदरांची माहिती आणि लोकांशी वागण्याचे कौशल्य ह्यांच्या बळावर त्यांचा व्यापार भरभराटीस आला. पूर्वेकडील बंदरांत त्यांचे व्यवहार चालत आणि ते सधन झाले. वसईहून रिकाम्या हातांनी निघालेला मुलगा आता यशस्वी व्यापारी म्हणून ओळखला जाऊ लागला.

संतचरित्रे सांगताना हा काळ आपण अनेकदा घाईने ओलांडतो. परंतु आपणा संसारी माणसांसाठी तोच अधिक बोधप्रद आहे. ह्या वर्षांत गोन्सालो ना धर्मगुरू होते, ना ब्रदर, ना धर्मशिक्षक. ते हिशेब ठेवत होते, मालाची ने-आण करीत होते, भाव ठरवत होते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्या आयुष्यातील देवाची हाक विझून गेली असेच वाटले असते. तथापि, निखाऱ्यावर राख साचली म्हणून निखारा विझत नाही. पैसा आला, मान आला, तरी देवाने आपल्याला कशासाठी तरी राखून ठेवले आहे ही जाणीव त्यांच्या मनात टिकून राहिली.

व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाईन्समधील मनिला येथे गेले. तेथे फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंशी त्यांचा परिचय झाला. आसिसीकर संत फ्रान्सिस ह्यांच्या दारिद्र्याचा आणि आनंदाचा मार्ग त्यांना भावला. गोरगरिबांची आणि रोग्यांची सेवा करणारे हे धर्मबंधू पाहून त्यांनी आपला व्यापार आणि संपत्ती सोडली व फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. गुरुदीक्षेची अपेक्षा त्यांनी धरली नाही. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकता ही व्रते स्वीकारून मठातील साध्यात साधी कामे करणारे धर्मबंधू होण्यात त्यांनी समाधान मानले. काल ज्यांच्या शब्दावर व्यवहार ठरत, ते आज वरिष्ठांच्या शब्दावर उठू-बसू लागले.

पंधराव्या वर्षी त्यांनी जो होकार दिला होता, तो तिशी ओलांडताना त्यांना पुन्हा एकदा द्यावा लागला. पहिला होकार उत्साहाचा होता. हा दुसरा होकार मात्र नकार पचवून आणि सुखसोयी अनुभवून दिलेला होता. म्हणून तो अधिक महाग होता.

दुभाषाची सेवा

दरम्यान जपानमध्ये परिस्थिती पालटली होती. तोयोतोमी हिदेयोशी हा सर्वसत्ताधीश झाला होता आणि १५८७ साली त्याने ख्रिस्ती धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. हुकुमाची अंमलबजावणी कडक नव्हती. त्यामुळे येशूसंघाचे धर्मगुरू गाजावाजा न करता कार्य करीत राहिले. पुढे हिदेयोशीची दृष्टी फिलिपाईन्सकडे वळली आणि मनिलाच्या स्पॅनिश राज्यपालाने आपलीही माणसे मुलूखवार्तेसाठी व मैत्रीसाठी पाठवण्याचे ठरवले. १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता ह्यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ जपानला रवाना झाले. त्यात चार फ्रान्सिस्कन होते आणि त्यांपैकी जपानी भाषा जाणणारे होते ब्रदर गोन्सालो.

जो तरुण जपानमध्ये धर्मबंधू होऊ इच्छित होता, तो अशा रीतीने धर्मबंधू म्हणूनच जपानला परतला. देवाने त्यांची इच्छा नाकारली नव्हती. तिला त्याने वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या वेळी फळ आणले.

क्युशू बेटावरील नागोया येथील छावणीत हिदेयोशीशी भेट झाली. कोरियावर स्वारी करण्यासाठी त्याने तेथे प्रचंड सैन्य जमवले होते. एका शब्दाच्या चुकीने माणसे प्राणास मुकतील असा तो दरबार होता. अशा ठिकाणी गोन्सालो दुभाषाचे काम करीत होते.

दुभाषाच्या कामाचे थोडे मनन करावे. दुभाषा बोलतो, पण स्वतःचे बोलत नाही. समोरच्याचे म्हणणे नीट ऐकावे, त्यात आपली भर घालू नये, त्यातील अप्रिय भाग गाळू नये आणि ते जसेच्या तसे दुसऱ्याच्या भाषेत पोचवावे, हे त्याचे कर्तव्य. जपानचा अनुभव गोन्सालो ह्यांच्यापाशी होता, तर नेतृत्व पेद्रो बाउतिस्ता ह्यांच्यापाशी. जाणकार असूनही दुसऱ्याच्या आज्ञेत राहून बोलायचे, ही मोठी परीक्षा असते. आज्ञापालन ह्या शब्दाचा खरा अर्थ येथे उमगतो. देवाचा शब्द आपल्या मुखातून आणि जीवनातून जाताना त्यात आपल्या अहंकाराची भेसळ होऊ न देणे, हीच आज्ञाधारकता.

हिदेयोशीने ह्या फ्रान्सिस्कनांना जपानमध्ये राहू दिले आणि मियाको, म्हणजे आजच्या क्योतो शहरात, जागाही दिली. १५९४ साली तेथे देवदूतांच्या राणीच्या नावाने चर्च उभे राहिले. त्याच्या शेजारी गोरगरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये सुरू झाली. कुष्ठरोग्यांना त्या काळी सर्वच देशांत गावाबाहेर काढले जाई. त्यांच्या जखमा धुणारे हे अनवाणी परदेशी लोक पाहून अनेक जपानी लोक थक्क झाले. काही श्रद्धावंत जपानी सुतार, वैद्य, आचारी, धर्मशिक्षक असे आपापल्या कामांसह फ्रान्सिस्कनांच्या तृतीय संघात सामील झाले आणि रुग्णसेवेत हात देऊ लागले. पुढे क्रूसावर गोन्सालो ह्यांचे सोबती झाले ते हेच लोक.

आज्ञा कोणाची मानावी?

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. पोप ग्रेगरी तेरावे ह्यांनी १५८५ साली जपानचे धर्मकार्य येशूसंघाकडे राखून ठेवले होते. शिवाय हिदेयोशीचा १५८७ चा हुकूम होताच. मग फ्रान्सिस्कन तेथे गेले ते योग्य होते काय? आपल्याला त्यानंतरची परवानगी लागू पडते, असे फ्रान्सिस्कनांचे म्हणणे होते. येशूसंघीयांना वाटे की उघडपणे उपासना केल्याने राज्यकर्त्याचा रोष ओढवेल आणि हजारो नवख्रिस्ती संकटात पडतील. फ्रान्सिस्कनांना वाटे की शुभवार्ता लपवून ठेवण्याची वस्तू नव्हे. दोन्ही बाजूंना प्रामाणिक, प्रार्थनाशील माणसे होती आणि त्यांच्यातील मतभेद तीव्र होते.

ह्यावरून आपण इतके शिकावे की देवाची आज्ञा ओळखणे ही नेहमीच सरळसोपी गोष्ट नसते. त्यासाठी प्रार्थना लागते, सल्ला लागतो, सदसद्विवेकबुद्धी जागी ठेवावी लागते. गोन्सालो हे साधे ब्रदर होते. धोरणे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते. जेथे त्यांच्या वरिष्ठांनी पाठवले तेथे ते गेले आणि जे दुःखी लोक समोर आले त्यांची त्यांनी सेवा केली. आणि अखेर देवाने ह्या वादावर एक विलक्षण उत्तर दिले. वाद घालणाऱ्या दोन्ही संघांचे सभासद एकाच टेकडीवर, एकाच ओळीत, क्रूसांवर चढले.

वादळ

१५९६ च्या ऑक्टोबर महिन्यात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल हिदेयोशीने जप्त केला. त्या गोंधळात, धर्मगुरू हे स्पेनच्या सैन्याची पूर्वतयारी करणारे लोक आहेत असा संशय हिदेयोशीच्या मनात बळावला. ह्याच जहाजावर फेलिपे दे हेसूस नावाचा मेक्सिकोत जन्मलेला तरुण फ्रान्सिस्कन होता. गुरुदीक्षेसाठी तो मायदेशी निघाला होता. दीक्षेची वेदी त्याच्या वाट्याला आली नाही. वादळाने त्याला क्योतोच्या मठात आणि तेथून क्रूसापर्यंत पोचवले.

डिसेंबरमध्ये क्योतो व ओसाका येथील मठांना पहारे बसले. मृत्युदंडाची शिक्षा झाली. पेद्रो बाउतिस्ता, गोन्सालो गार्सिया आणि आणखी चार असे सहा फ्रान्सिस्कन, पौल मिकी व त्यांचे दोन सहकारी असे तीन येशूसंघीय आणि जपानी प्रापंचिक बंधू मिळून एकूण चोवीस जण होते. त्या यादीत मातिया नावाच्या एका आचाऱ्याचे नाव होते. शिपायांनी हाक मारली तेव्हा तो बाहेर गेलेला होता. शेजारी राहणारा त्याच नावाचा दुसरा एक ख्रिस्ती मनुष्य पुढे आला, आपलेही नाव मातिया आहे आणि आपणही ख्रिस्ती आहोत असे त्याने सांगितले आणि तो त्यांच्यात सामील झाला. सज्जता ह्या शब्दाचे ह्याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. त्याला विचार करण्यास क्षणभरच मिळाला. पण त्या क्षणाची तयारी त्याने कितीतरी आधी करून ठेवली असली पाहिजे.

आठशे किलोमीटरची वाट

१५९७ च्या ३ जानेवारी रोजी क्योतो येथे त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मूळ हुकूम नाक व कान छाटण्याचा होता, पण एका अधिकाऱ्याने तो सौम्य केला. नंतर त्यांना गाड्यांत बसवून शहरांतून फिरवण्यात आले आणि नागासाकीकडे नेण्यात आले. हे अंतर सुमारे आठशे किलोमीटर होते. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारा वारकरी जेवढे अंतर चालतो, त्याच्या तिपटीहून हे अधिक. तेही ऐन हिवाळ्यात, बर्फात, कानाच्या जखमा घेऊन आणि वाटेच्या शेवटी मृत्यू आहे हे ठाऊक असताना. वाटेत त्यांची सेवाशुश्रूषा करणाऱ्या दोघा ख्रिस्ती बांधवांनाही पकडून त्यांच्यात घालण्यात आले आणि संख्या सव्वीस झाली.

त्यांच्यात लहान मुलेही होती. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोन तेरा वर्षांचा आणि थोमा कोझाकी चौदा वर्षांचा होता. थोमाचे वडील मिगेल हेही त्याच्याबरोबर होते. थोमाने वाटेत आपल्या आईला पत्र लिहून धीर दिला आणि धाकट्या भावांना सांभाळण्याची विनवणी केली. ते पत्र पुढे त्याच्या वडिलांच्या मृत शरीरापाशी, रक्ताने माखलेले सापडले.

ह्या वाटेवर गोन्सालो ह्यांच्यासाठी सुटकेचे मार्ग पूर्णतः बंद होते असे समजू नये. जपानी भाषा बोलणाऱ्या, देशाची वाट न् वाट जाणणाऱ्या, एके काळी व्यापारी असलेल्या माणसाला रदबदली करता आली असती. त्यांनी आपली भाषा वापरली, पण ती सोबत्यांना धीर देण्यासाठी आणि वाटेत भेटणाऱ्या लोकांना प्रभू येशूविषयी सांगण्यासाठी.

निशिझाका टेकडी

५ फेब्रुवारी १५९७ रोजी सकाळी हे सव्वीस जण नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पोचले. तेथे सव्वीस क्रूस तयार होते. गोन्सालो ह्यांनी आपला क्रूस कोणता अशी विचारणा केली. तो दाखवल्यावर त्यांनी गुडघे टेकून त्याला मिठी मारली. वसईच्या शाळेत वधस्तंभापुढे गुडघे टेकणारा मुलगा येथे खऱ्याखुऱ्या क्रूसापुढे गुडघे टेकत होता.

जपानी पद्धतीप्रमाणे त्यांना दोरांनी व लोखंडी कड्यांनी क्रूसांना जखडण्यात आले आणि सर्व क्रूस उभे करण्यात आले. हजारो लोक टेकडीभोवती जमले होते. पौल मिकी ह्यांनी क्रूसावरूनच अखेरचे प्रवचन केले आणि आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केली. बालके स्तोत्र गाऊ लागली. लहानग्या लुईसला श्रद्धा सोडण्याच्या अटीवर प्राणदान देऊ केले होते, ते त्याने आधीच नाकारले होते. थोड्याच वेळात शिपायांच्या भाल्यांनी एकेकाचा वेध घेतला. गोन्सालो तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचे होते.

ख्रिस्तसभेचा गौरव

पोप अर्बन आठवे ह्यांनी १६२७ साली गोन्सालो व त्यांच्या फ्रान्सिस्कन सोबत्यांना धन्यवादित घोषित केले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी सव्वीसही हुतात्म्यांना संतपद बहाल केले. त्या सुमारास नागासाकीत ह्या हुतात्म्यांना समर्पित केलेले ओउरा चर्च उभे राहिले. १७ मार्च १८६५ रोजी ह्याच चर्चमध्ये काही जपानी ग्रामस्थ आले आणि त्यांनी फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ ह्यांना हळूच सांगितले की त्यांचे अंतःकरणही तेच आहे. अडीचशे वर्षे छळ सोसून, धर्मगुरूविना, आई-वडिलांकडून मुलांकडे स्नानसंस्कार व प्रार्थना पोचवत हे लोक लपूनछपून ख्रिस्ती राहिले होते. निशिझाका टेकडीवर पेरलेले बीज जमिनीखाली जिवंत होते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. सातासमुद्रापलीकडील ब्राझीलमध्ये, मिश्र वंशाचे म्हणून ज्यांना अनेक ठिकाणी डावलले जाई त्या लोकांनी गोन्सालो ह्यांना आपला कैवारी मानले. १७४५ साली रेसिफे येथे त्यांच्या सन्मानार्थ मोठा उत्सव झाला. ज्या जन्मामुळे त्या युगात माणसाला दारे बंद होत, तोच जन्म दूरदेशीच्या उपेक्षितांसाठी आशेचा आधार ठरला.

निशिझाका टेकडीवर संतपदाच्या शताब्दीनिमित्त १९६२ साली स्मारक व संग्रहालय उभारण्यात आले. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ साली आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१९ साली तेथे प्रार्थना केली. आपल्या वसईतही गास येथील चर्च आणि एक महाविद्यालय त्यांचे नाव अभिमानाने धारण करीत आहेत.

आपल्यासाठी बोध

आता कुर्डुवाडीसारख्या आपल्या गावाचा विचार करू. येथील ख्रिस्ती कुटुंबांची संख्या मोठी नाही. हे गाव वाढले ते रेल्वेमुळे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप ह्या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली येथून सुरू झाली, तेव्हा ह्या स्थानकाचे नाव बार्शी रोड असे होते. अडीच फुटी रुळांची ती लहान गाडी पुढे पंढरपूर, लातूर, मिरज अशी पसरली. आज ते मार्ग ब्रॉडगेज झाले आहेत, पण आषाढी-कार्तिकीला येथे गाडी बदलणाऱ्यांची गर्दी आजही होते. जंक्शनच्या गावी राहणाऱ्या माणसाला वाट पाहणे म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. गाडी उशिरा येणार म्हणून सामान घरी ठेवून कोणी फलाटावर येत नाही. तिकीट, गाठोडे आणि मुलांचे हात धरूनच माणूस उभा राहतो, कारण गाडी थांबते ती थोडाच वेळ.

आध्यात्मिक सज्जता अशीच असते. रोजची प्रार्थना, रविवारची मिस्सा, प्रायश्चित्त संस्कार, मनात कोणाविषयी अढी न ठेवणे, आपल्या वाट्याचे काम नीट करणे, हे आपले गाठोडे आहे. ते ऐन वेळी शेजाऱ्याकडून उसने मागता येत नाही. शहाण्या कुमारिकांनी आपले तेल दिले नाही ते कंजूषपणामुळे नव्हे. असे तेल देता येतच नाही, एवढेच प्रभूला सुचवायचे होते.

हाक कोणत्या रूपात येईल हे आपण ठरवू शकत नाही. नोकरीतील बदलीचा कागद हातात पडतो. घरातील वृद्ध माणूस अंथरुणाला खिळतो. मुलगी धर्मभगिनी होण्याची इच्छा व्यक्त करते आणि आई-वडिलांच्या मनातले बेत कोसळतात. एखाद्या तरुणाला सेमिनरीतून परत पाठवले जाते आणि गावात तोंड दाखवणे त्याला जड वाटते. अशा तरुणाला गोन्सालो ह्यांचे चरित्र अवश्य सांगावे. आणि धर्मग्रामाने त्याच्याकडे अपयशी म्हणून न पाहता, देवाने ह्याच्यासाठी काय राखून ठेवले आहे ह्याची त्याच्यासोबत वाट पाहावी.

गोन्सालो ह्यांच्या जीवनात काहीही वाया गेले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आईची बोली, वडिलांची भाषा, आठ वर्षांची मोबदल्याविना सेवा, मिळालेला नकार, व्यापारातील वर्षे, मनिलातील मठ, सर्व धागे देवाने एकत्र विणले. ते विणताना गोन्सालो ह्यांना नक्षी दिसत नव्हती. त्यांना फक्त पुढचे पाऊल दिसत होते आणि ते त्यांनी टाकले. आपल्यालाही पुढचे पाऊलच दिसते. तेवढे टाकण्याची कृपा आपण मागू या.

दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी ह्या हुतात्म्यांचा सण येतो. त्या दिवशी घराघरांत मुलांना ह्या वसईकर संताची कथा सांगावी आणि कुटुंबाने एकत्र बसून, आपल्या धर्मप्रांतातील पाचारणांसाठी आणि श्रद्धेपायी छळ सोसणाऱ्या जगभरातील बांधवांसाठी एक जपमाळ अर्पण करावी.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.